वृक्षाची साल आणि गजाची भूक

सज्जनहो, आमच्या शिरड शहापुरास हत्तीचे भय नाही. मग हत्तीपासून महावृक्ष राखण्याचे निरूपण येथे कशाला, असा पूर्वपक्ष कोणी करील. त्याचे उत्तर आपल्या नरसीतच आहे. श्रीनामदेवरायांना मातेने औषधाकरिता पळसाची साल आणावयास पाठविले. घाव घालताच रस पाझरला. तेव्हा झाडास काय वाटले असेल हे कळावे म्हणून त्यांनी आपल्याच पायाची कातडी सोलून पाहिली, अशी कथा परंपरेने सांगतात.

सालीच्या आतल्या पदरातूनच पानांनी केलेले अन्न मुळांस पोचते. साल सभोवार निघाली की मुळे उपाशी राहतात आणि मोठा वृक्षही उभ्या उभ्या वाळतो.

हत्ती नेमके हेच करतो. दक्षिण आफ्रिकेत क्रुगर अरण्याच्या बाजूस तो मारुला वृक्षांची साल सोलतो, प्रसंगी झाडच आडवे करतो. आपल्याकडे 2002 साली कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्गात उतरले. लेकरासारखा वाढविलेला दोडामार्गचा माड कोवळ्या गाभ्यासाठी एका रात्रीत पडतो. त्या बागाईतदारास नुसती भूतदया सांगणे म्हणजे उपाशी माणसास ब्रह्मज्ञान वाढणे होय. बरे, हत्तीस मारा म्हणावे, तर भागवताच्या अष्टम स्कंधात ज्याच्या हाकेला भगवंत धावले तो गजेंद्रच ना!

मग दोघेही कसे राखावे? क्रुगरजवळ काही मारुलांच्या खोडांस तारेची जाळी गुंडाळली, काहींवर मधमाश्यांच्या पेट्या टांगल्या. 2018 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: मोकळ्या झाडांपैकी शेकडा 54 झाडांस हत्तींनी इजा केली, जाळीच्या 28 आणि पेटीच्या अवघ्या 2. जाळी साल राखते, पण धक्का अडवीत नाही. माशी मात्र सोंडेस नि डोळ्यांपाशी डसते. तिची गुणगुण ऐकूनच गजराज मागे फिरतो. 2021 साली खादी आणि ग्रामोद्योग आयोगानेही कोडगू जिल्ह्यात हत्तींच्या वाटांवर पेट्या मांडल्या. आफ्रिकेची माशी अधिक तिखट, म्हणून तेवढेच यश येथे धरून चालू नये; पण वाट खरी आहे. हत्ती मरत नाही, झाड जगते, वर मधही मिळतो. वैरावाचून रक्षण ते हेच.

आता आपल्या गावाकडे पाहू. हत्ती नसता वडा-लिंबाच्या बुंध्यास खिळे कोण ठोकतो? तारेचा फास कोण आवळतो? मुळाशी कचरा कोण पेटवितो? हत्ती भुकेपोटी करतो, आपण कशापोटी? येत्या एकादशीस फराळाआधी वाटेवरच्या एका जुन्या झाडाचा फास सोडावा, एवढेच आमचे मागणे.

रामकृष्णहरि!