कौल आणि अनुमोदन

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचं निरूपण येतं, तेव्हा माउली आधी अहिंसेच्या नावाखाली चालणाऱ्या हिंसेचा समाचार घेतात. झाडाला कुंपण हवं म्हणून त्याच झाडाच्या फांद्या तोडायच्या, देवाला आवार बांधायचं म्हणून देऊळच पाडायचं, अशा दृष्टान्तांची रांग लागते. बार्शीला आमच्या घरी हा अध्याय कित्येकदा वाचला गेला. त्याच्याशी माझी खरी गाठ पडली ती मात्र कॅलिफोर्नियात, 2018 सालच्या निवडणुकीची मतपत्रिका टपालाने आली तेव्हा.

मतदानाचा दिवस होता 6 नोव्हेंबर, ऐन दिवाळीतला. गव्हर्नरपदासाठी गॅविन न्यूसम आणि जॉन कॉक्स उभे होते. शिवाय लेफ्टनंट गव्हर्नर, सेक्रेटरी ऑफ स्टेट, कंट्रोलर, ट्रेझरर, अ‍ॅटर्नी जनरल, विमा आयुक्त आणि सार्वजनिक शिक्षणाचा प्रमुख. आपल्याकडे मुख्यमंत्री आपले मंत्री निवडतो, इथे ही सगळी पदं लोक एकेक करून निवडून देतात. त्यानंतर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर मागणारे 11 प्रश्न होते. पेट्रोलवरचा वाढीव कर रद्द करायचा का, गावांना घरभाड्यावर जास्त नियंत्रण ठेवू द्यायचं का, वगैरे. शेवटचा होता क्रमांक 12, पाळीव जनावरांना किती जागा द्यायची याचा. मांसासाठी वाढवलेल्या वासराला 43 चौरस फूट, पिल्लं देणाऱ्या डुकरिणीला 24 चौरस फूट, अंडी देणाऱ्या कोंबडीला आधी 1 चौरस फूट आणि 2022 पासून पिंजराच नाही. यापेक्षा कमी जागेत ठेवलेल्या जनावराचं मांस किंवा अंडं, ते देशात कुठूनही आलेलं असो, राज्यात विकायला बंदी.

एक चौरस फूट म्हणजे आपल्या पोळपाटाहून थोडी जास्त जागा. आणि तीही कोंबडीला मिळणार होती ती सुधारणा म्हणून.

माणूस निवडणं आणि प्रश्नाला उत्तर देणं यांत मला धर्माच्या दृष्टीने मोठा फरक वाटतो. मनुस्मृतीत म्हटलंय की प्रजेचं रक्षण करणाऱ्या राजाला तिच्या पुण्याचा सहावा वाटा मिळतो, आणि रक्षण न करणाऱ्याच्या वाट्याला तिच्या पापाचा सहावा हिस्सा येतो. त्या ग्रंथातलं पुष्कळ काही मी मानत नाही, पण हा हिशेब मला शहाणपणाचा वाटतो. सत्ता सोपवली की पाप-पुण्यही थोडं सोपवलं जातं. मी ज्याला मत दिलं त्या गव्हर्नरने वाईट कायद्यावर सही केली, तर मी हळहळेन, पण सही त्याची असेल. लोकांनी कौल देऊन केलेल्या कायद्यावर मात्र गव्हर्नरची सही लागत नाही, त्याला तो नाकारताही येत नाही. मधला माणूसच उरत नाही. मग तो सहावा वाटा कुणाकडे जाणार? माझ्याकडेच.

सासूबाईंना फोनवर हे सांगितलं. त्या माळकरी. पंढरीची वारी गुडघे दुखायला लागेपर्यंत चुकवली नाही त्यांनी. शांतपणे म्हणाल्या, “कोंबडीला किती जागा द्यायची ते तू ठरवणार, म्हणजे तिला पाळून कापायचं हे तू मान्य केलंस. ते कोरं सोड.”

मला उत्तर सुचलं नाही, कारण त्यांच्या म्हणण्यात शास्त्र होतं. पतंजलींनी योगसूत्रांत हिंसेचे तीन प्रकार सांगितलेत: आपण केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि नुसती मान्यता दिलेली. कृत, कारित, अनुमोदित. हात न लावता पाप लागतं ते या तिसऱ्या वाटेने. चोवीस चौरस फुटांना ‘हो’ म्हणणं हे त्या डुकरिणीच्या कोंडवाड्याचं अनुमोदन नव्हे का?

असं वाटणारी मी एकटीच नव्हते. प्रस्तावाच्या विरोधात अंडी आणि डुकराचं मांस विकणाऱ्यांच्या संघटना होत्या, ते अपेक्षितच. पण ह्यूमेन फार्मिंग असोसिएशन आणि पेटा या प्राण्यांच्या बाजूने लढणाऱ्या संस्थाही विरोधात होत्या. फूट-इंच मोजून दिले की पिंजऱ्याला कायद्याची मान्यता मिळते, हा त्यांचा आक्षेप होता. बार्शीतली माळकरी बाई आणि अमेरिकेतले प्राणिहक्कवाले एकाच जागी येऊन थांबले होते, आणि त्या जागेला बळ होतं.

तरी मी ‘हो’ म्हटलं. का, ते सांगायला हवं.

पतंजली त्याच सूत्रात पुढे हिंसेच्या पायऱ्या मांडतात, सौम्य, मध्यम आणि तीव्र. सगळी हिंसा सारखीच असती तर या पायऱ्यांची गरज नव्हती. अहिंसेसारख्या यमांचं व्रत मर्यादित कसं असतं हे सांगताना योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात कोळ्याचं उदाहरण येतं. त्याची हिंसा माशांपुरती, इतर जिवांना तो मारत नाही. दुसरा कुणी म्हणतो, तीर्थक्षेत्री मारणार नाही; तिसरा म्हणतो, चतुर्दशीला मारणार नाही. ही महाव्रतं नव्हेत हे भाष्य स्पष्ट करतं. पण कोळ्याला हाकलून देत नाही, त्याच्या अपुऱ्या अहिंसेलाही अहिंसेच्या हिशेबात जागा ठेवतं. कॅलिफोर्नियाचे मतदार मला त्या कोळ्यासारखे दिसले. माउलींचा फांद्यांचा दृष्टान्तही मी पुन्हा तपासून पाहिला. तिथे अहिंसेसाठी नवी हिंसा केली जाते, इथे नवी फांदी तुटत नव्हती. माझ्या ‘हो’ने एकही कोंबडी जास्त मरणार नव्हती.

आणि कोरं सोडणं म्हणजे बाहेर राहणं, हे मला पटेना. कोऱ्या जागेची इथे मोजदाद नसते, ज्यांनी उत्तर दिलं त्यांच्यातल्या बहुमतावर निकाल लागतो. माझे हात स्वच्छ राहिले असते आणि दुसऱ्या राज्यातली डुकरीण वळताही येणार नाही अशा लोखंडी चौकटीतच राहिली असती. त्या स्वच्छतेची किंमत तिने मोजायची, हे मला धर्मात बसणारं वाटत नाही.

शिवाय मी बाहेर होते कुठे? आमच्या घरी अंडं शिजत नाही, पण दूध रोज लागतं. दही, ताक, तूप, नैवेद्याची खीर. कॅलिफोर्निया हे अमेरिकेतलं सर्वांत जास्त दूध देणारं राज्य. गाय दूध देते ती वासरू झाल्यावर, आणि खोंड झाला तर तो दुग्धव्यवसायाच्या कामाचा नसतो. ज्या वासरांना 43 चौरस फूट द्यायचे होते त्यांतली पुष्कळशी अशीच गोठ्यांतून आलेली असतात. सासूबाईंना मी हेही सांगितलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “आपल्याकडंही कुठं वेगळं राहिलंय आता.” त्या संभाषणानंतर आमच्यातला वाद मिटला नाही, पण त्याची जागा सरकली. कोऱ्या रकान्यावरून तो दुधावर आला, आणि अजून तिथेच आहे.

प्रस्ताव सुमारे 63 टक्के मतांनी मंजूर झाला. त्याचा मला आनंद झाला, पण बहुमताने धर्म ठरतो असं मी कधीच म्हणणार नाही. त्याला कारण त्याच्या दहा वर्षं आधीचा एक दिवस आहे. 4 नोव्हेंबर 2008 रोजी याच राज्याने क्रमांक 2 च्या प्रस्तावाला सुमारे 63 टक्के मतं दिली आणि कोंबडीला पंख पसरण्याचा, जनावराला वळण्याचा हक्क दिला. त्याच मतपत्रिकेवर क्रमांक 8 चा प्रस्ताव होता. त्याने समलिंगी जोडप्यांचा विवाहाचा हक्क काढून घेतला, तोही सुमारे 52 टक्क्यांनी मंजूर झाला. एकाच बैठकीत, एकाच पेनाने काही लाख लोकांनी दोन्हीला ‘हो’ म्हटलं असणार. ती बंदी कोर्टाने घटनाबाह्य ठरवली, 2013 मध्ये समलिंगी जोडप्यांची विवाहनोंदणी पुन्हा सुरू झाली, आणि राज्यघटनेतला तो मजकूर खोडायला 2024 सालचा कौल लागला. मोजणीतून कळतं ते लोक कुठवर आलेत एवढंच. कुठे जायला हवं होतं, ते मोजणी करणाऱ्याला विचारून उपयोग नाही.

बाराव्या प्रस्तावाविरुद्ध डुक्करपालकांची राष्ट्रीय संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. मे 2023 मध्ये ती हरली. न्यायमूर्ती नील गॉर्सच यांच्या निकालपत्रात एक मुद्दा आहे: व्यापाऱ्यांचा वाढलेला खर्च आणि मतदारांची नैतिक भावना ही दोन्ही एकाच तराजूत तोलणं हे न्यायाधीशाचं काम नाही. ते लोकांचं काम. वाचताना मला पुन्हा तो सहावा वाटा आठवला. न्यायालयानेही तो आमच्याच हवाली केला.

कायद्याने काय केलं नाही, तेही नोंदवायला हवं. अंड्यांच्या धंद्यात नर पिल्लं उबवणीनंतर लगेच मारतात. त्यांच्याबद्दल बाराव्या प्रस्तावात अवाक्षर नाही. चौरस फुटांत त्यांचा प्रश्न बसतच नाही.

असा प्रश्न मतपत्रिकेवर येतो तो सह्यांतून. आधीच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत जितकी मतं पडली, त्यांच्या 5 टक्के सह्या जमवल्या की नव्या कायद्याचा प्रस्ताव लोकांपुढे ठेवता येतो. म्हणून किराणा दुकानाच्या दाराशी कागदांची पाटी घेऊन माणसं उभी असतात. एक सही, मिनिटभर वेळ, म्हणतात. मी आता त्यांच्याकडून मूळ मजकूर मागून घेते आणि भाजीच्या पिशव्या खाली ठेवून शेवटपर्यंत वाचते. रांगेतले लोक वैतागतात. पण सही हे अनुमोदनाच्याही पुढचं पाऊल आहे, तिथे आपण इतरांना ठरवायला लावत असतो. नर पिल्लांबद्दलचा कागद घेऊन अजून कुणी माझ्यासमोर आलेलं नाही. आलं तर मी वाचेन, आणि सही करेन.