समोरच्याच्या डोळ्यांतला उजेड



ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे लक्षण आले आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या पारायणात ते कितीतरी वेळा येऊन गेले असेल. तिथे माऊली पायाची अहिंसा सांगतात, हाताची सांगतात, बोलण्याची सांगतात, आणि नजरेचीही सांगतात. भूतमात्रात परमात्मवस्तू आहे, आपली दृष्टी कदाचित तिला रुतेल, म्हणून तो पुरुष बहुधा डोळे उघडून पाहतच नाही. पाहिलेच, तर त्याचे पाहणे चंद्राच्या किरणांसारखे असते. वाहताना दिसत नाही, पण चकोराचे पोट भरते. हा भाग मी कीर्तनात पुष्कळ वर्षे सांगितला. श्रोत्यांतून कोणीतरी हमखास विचारायचे, ‘महाराज, नजर कशी रुतेल? नजर म्हणजे काय सुई आहे?’ पूर्वी याचे उत्तर देताना बरेच शब्द खर्ची पडत. आता पडत नाहीत. रात्री आठनंतर कोणत्याही मोठ्या रस्त्याच्या कडेला उभे राहावे. पहिल्या दहा गाड्यांत उत्तर मिळते.

गाडीचा दिवा म्हणजे चालवणाऱ्याची लांबवलेली नजरच होय. त्याला पाहायचे असते म्हणून तो दिवा लावतो. प्रश्न असा आहे, की माझे पाहणे दुसऱ्याच्या न दिसण्यावर उभे असेल, तर ते पाहणे विहित की निषिद्ध? हा प्रश्न मला सुचलेला नाही. आमच्याबरोबर साथीला येणाऱ्या एका तरुण पखवाजीने तो आणला, आणि तोही फार वेगळ्या रूपात. त्याने विचारले, ‘महाराज, गाडीच्या अप्परला एलईडी टाकू, की हॅलोजनच जास्त वॅटचा टाकू?’

त्याची अडचण खरी होती, हे आधी सांगितले पाहिजे. कीर्तन रात्री अकराला संपते, पंगत उरकते, आणि मग घाट उतरून दुसरे गाव गाठायचे. रस्त्यात बैल बसलेले, उसाची ट्रॉली मागचा दिवा न लावता उभी. कंपनीचा बल्ब त्याला पणतीसारखा वाटत होता. ‘दिसतच नाही’ म्हणणाऱ्या माणसाला अहिंसेचे निरूपण ऐकवून भागत नाही. म्हणून मी त्याला घेऊन आमच्या गावच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. म्हातारपणी शिकण्यात एक सुख असते, शिकून कोणाला दाखवायचे नसते.

त्या कारागिराने एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब माझ्या हातात दिला आणि लगेच बजावले, ‘बाबा, काचेला बोट लावू नका.’ बोटाचे तेल काचेला लागले, की पेटल्यावर तिथेच ताप साठतो आणि काच तडकते. मी बुडाशी धरून पाहिला. आत दोन तारा असतात. एक अप्परची, ६० वॅटची. दुसरी डिप्परची, ५५ वॅटची. अप्परची तार आरशासारख्या वाटीच्या बरोबर केंद्रात येते, म्हणून तिचा उजेड वाटीभर पडतो आणि लांब सरळ जातो. डिप्परची तार थोडी पुढे, आणि तिच्याखाली पत्र्याची नखाएवढी ओंजळ. ती ओंजळ खालचा उजेड अडवते. फक्त वरचा उजेड वाटीच्या वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली, रस्त्यावर वळतो. समोरच्याचे डोळे वाचतात ते त्या पत्र्याच्या आडोशामुळे. इतकी वर्षे गाडीत बसलो, पण हे ठाऊक नव्हते. उजेड देणारी तार आणि उजेडाला आवरणारा पत्रा, दोघांना एकाच काचेत घालणारा माणूस शहाणा होता.

आता एलईडी. तो स्वभावाने वाईट नाही. ज्या गाडीला कंपनीतूनच एलईडी येतो, तिची वाटी किंवा भिंग त्याच्यासाठीच घडवलेले असते. अडचण होते ती हॅलोजनच्या वाटीत बाजारातला एलईडी खोचल्यावर. तिथे तारेच्या जागी पट्टीच्या दोन अंगांना चिकटवलेले ठिपके असतात. मिलिमीटरभर जागा चुकली तरी वाटी तो उजेड भलतीकडे फेकते. मग डिप्पर लावूनही झोत वर सांडतो, आणि लांबच्या रस्त्यावर जिथे उजेड हवा तिथे पोचतच नाही. चालवणाऱ्याला मात्र बंपरपुढची जमीन लख्ख दिसते, म्हणून तो खूश. एचआयडी म्हणतात त्या झेनॉनचेही तसेच. त्यात तार नसते, वायूत ठिणगीची कमान पेटते, तिला वेगळे यंत्र लागते, आणि पूर्ण तेज यायला काही सेकंद जातात. क्षणात लावायच्या आणि विझवायच्या अप्परला ती चाल मुळातच मानवत नाही. राहिला १००/९० वॅटचा हॅलोजन. तो जागेवर नीट बसतो, पण मूळ वायर आणि होल्डर तेवढ्या भाराचे नसतात. होल्डर वितळलेला त्या दुकानात टांगून ठेवला होता, गिऱ्हाइकांना दाखवायला.

एवढे ऐकून आमच्या पखवाजीने पूर्वपक्ष मांडला, आणि तो कच्चा नव्हता. म्हणाला, ‘माझ्या गाडीला अप्परचा बल्ब वेगळा आहे. मी फक्त तोच बदलणार. डिप्पर कंपनीचाच राहील. समोरून कोणी आले की अप्पर बंद करीन. मग माझ्याकडून परपीडा कुठे झाली?’

हा युक्तिवाद मला दोन दिवस पुरला. निर्मनुष्य घाटात अप्पर लावणे यात पाप नाही. उलट तिथे न लावणे हाच प्रमाद. अंधारात बसलेला बैल वेळीच दिसला तर दोन जीव वाचतात. तेव्हा तेज वाढवणे मुळातच निषिद्ध, असे म्हणता येत नाही. सगळा भार येतो त्याच्या हातावर, ‘समोरून कोणी आले की’ या शब्दांवर. कोणी म्हणजे कोण?

वाचकहो, आपण गाडीत असाल तेव्हा एकदा पाहा. समोरून ट्रक आला, की आपला चालक डिप्पर देतो. का देतो? नाही दिला तर ट्रकवालाही अप्पर मारील आणि आपले डोळे दिपतील म्हणून. ट्रकच्या मागेही लिहिलेले असते, रात्री डिपर वापरा. ते सारे एका दिवेवाल्याने दुसऱ्या दिवेवाल्याला सांगणे आहे. पण समोरून सायकलवर दूधवाला येत असेल, कडेने ऊसतोडीची बाई डोक्यावर मोळी घेऊन चालली असेल, तेव्हा हात कितीजणांचा खाली जातो? ज्याच्याजवळ उलट मारायला दिवा आहे, त्याच्यापुरताच आपला झोत नम्र होतो. याला मर्यादा म्हणावे की नुसता व्यवहार? माझे मत व्यवहारच. मर्यादेची परीक्षा तिथे आहे, जिथे समोरचा काहीच करू शकत नाही.

आणि असा निरुत्तर चालणारा म्हणजे कोण, हे आपल्याला दुसऱ्याने सांगायला नको. कार्तिकीला कोकणातून, कोल्हापूरकडून शेकडो छोट्या दिंड्या पंढरीची वाट चालतात. आषाढीच्या पालखीसारखा त्यांना बंदोबस्त नसतो, रस्ता त्यांच्यासाठी थांबत नाही. पहाटे आणि संध्याकाळी त्या डांबराच्या कडेने चालतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ दिंडीत गाडी घुसली आणि कार्तिकीला निघालेले वारकरी वाटेतच गेले. प्रत्येक अपघाताची कारणे निराळी. पण चालणारा माणूस गाडीसमोर किती उघडा असतो, ते त्या संध्याकाळी सगळ्या महाराष्ट्राने पाहिले.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये झोत खाली वळलेला असावा हे सांगताना एक माप दिले आहे. दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिवा दिपवणारा नसावा. दीड मीटरवर कोणाचे डोळे येतात? डोक्यावर तुळस घेतलेल्या आपल्या बाईचे. नियम लिहिणाऱ्याच्या मनात ती नसेल, पण माप तिचेच आहे.

डोळे दिपल्यावर सावरायला काही सेकंद लागतात. माझ्या वयात त्याहून अधिक. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी तीन सेकंदांत ५० मीटर जाते. तेवढ्यात टाळकऱ्यांच्या चार ओळी मावतात. त्यांच्या मागून येणाऱ्या आणि समोरच्या झोताने दिपलेल्या चालकाला त्या चार ओळी दिसत नाहीत, आणि झोत मारणारा तर केव्हाच निघून गेलेला असतो. आपण काय केले हे त्याला आयुष्यभर कळत नाही. कर्म घडते, कर्त्याला त्याचा पत्ता नसतो. ‘माझा हेतू नव्हता’ हे त्याचे म्हणणे खरेही असते. पण अहिंसेच्या त्या प्रकरणात माऊलींनी हेतूवर थांबणे पत्करलेले नाही. कमळावर भुंग्याने पाय ठेवावा तसे चालायला सांगितले आहे. हेतू शुद्ध असून पाय जड असेल, तर मुंगी मरतेच.

पसायदानात सज्जनांना सूर्य म्हटले आहे, पण त्यातला ताप काढून घेऊन. तेज मागितले, ताप नको म्हटले. दृष्टांत एकदेशी असतो, तो बल्बच्या दुकानापर्यंत ओढू नये, हे मला कळते. तरी त्या दुकानात मला तेच आठवले.

पखवाजीच्या गाडीचे पुढे काय झाले? कारागिराने आधी दिव्याच्या काचेवरची पिवळी साय घासून काढली. मग अर्थिंगचा गंजलेला स्क्रू बदलला आणि रिले बसवला, कारण दिव्यापाशी विजेचा दाब दहा टक्के उतरला तरी हॅलोजनचा उजेड सुमारे तीस टक्के उतरतो. बल्ब कंपनीच्याच वॅटचा, नवा घातला. शेवटी गाडी भिंतीसमोर लावून झोताची उंची बसवली. पखवाजी म्हणाला, ‘एवढा उजेड यात आधीपासून होता?’

आणि दिंडीच्या चोपदारांना व विणेकऱ्यांना एक विनंती. पहिल्या आणि शेवटच्या ओळीतल्या दोघादोघांना चमकणाऱ्या पट्ट्यांची जाकिटे द्या, मागच्या माणसाच्या हातात लाल दिवा द्या, आणि अंधार असेपर्यंत टाळकऱ्यांना डांबर सोडून चालायला सांगा.