गुहेतील भाकिते

इंग्लंडातील यॉर्कशर परगण्यात नेअर्झबरो गावी, निड नदीच्या काठी, चुनखडीची एक लहानशी गुहा आहे. तीत सन १४८८ त मदर शिप्टन नावाची भविष्य सांगणारी बाई जन्मली, अशी दंतकथा आहे. जवळच्या झऱ्याच्या पाण्यात क्षार इतके, की धारेखाली टांगलेल्या टोपीवर काही महिन्यांत दगडी कवच चढते. पूर्वी लोक ह्यास चेटूक समजत.

बाई १५६१ त वारली म्हणतात. तिची भाकिते मात्र प्रथम छापली गेली १६४१ त! पुढे १८६२ त चार्ल्स हिंडली नामक गृहस्थाने जुन्या पुस्तकाची नक्कल म्हणून एक पुस्तक काढले. त्यात १८८१ साली जगाचा अंत होईल, अशा ओळी होत्या. त्या आपणच रचल्या, असे त्याने १८७३ त कबूल केले. तरीही १८८१ साल उजाडताच कित्येक लोक भयभीत झाले.

वाचकहो, येथे दोष कोणाचा? रचणाराचा तर आहेच. परंतु शहानिशा न करता ते शेजाऱ्यास सांगणारा निर्दोष काय? "ऐकले तेच सांगितले," हे उत्तर आम्हांस पुरेसे वाटत नाही. सांगणाऱ्याचा हेतू शुद्ध होता, म्हणून भ्यालेल्याची झोप परत येत नाही. कथा कथा म्हणून सांगण्यास आमची हरकत नाही. ती आम्हांसही गोड लागते.

हिंडलीच्या ओळींतील साल पुढे कोणी १९९१ असे बदलले, आणि त्या पुन्हा लोकांत फिरू लागल्या.