माझा शेजारी कोण? दुकानदाराचा प्रश्न

आजचे शास्त्रवाचन : लूक १०:२५–३७
सोबत वाचा : निर्गम २१:२८–३६, अनुवाद २२:८



चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्याला पाठ आहे. म्हणून आज दाखल्याकडे जाण्याआधी, तो ज्या प्रश्नामुळे सांगितला गेला त्या प्रश्नापाशी थोडं थांबू या. प्रश्न विचारणारा शास्त्री होता, म्हणजे नियमशास्त्राचा जाणकार. आजच्या भाषेत वकीलच म्हणा ना. शेजाऱ्यावर प्रीती करायची हे त्याला माहीत होतं. ते तर त्यानेच आधी सांगितलं. पण शेजारी कोणाला म्हणायचं, हे त्याला अगोदर ठरवून हवं होतं. हद्द कळली की तिच्या पलीकडची जबाबदारी आपली नाही, एवढं तरी नक्की होतं.

धंदा करणाऱ्या माणसाला हा प्रश्न रोज पडतो, फक्त शब्द वेगळे असतात. "माल दुकानाबाहेर गेला, आता माझा काय संबंध?" "बिल ज्याच्या नावावर आहे त्याने यावं, तुम्ही कोण?" नव्वद वर्षांपूर्वी हाच प्रश्न ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे आला होता, आणि त्याचं उत्तर देताना न्यायाधीशांना आजचाच शास्त्रभाग आठवला.

ती हकीकत अशी. २६ ऑगस्ट १९२८, रविवार. स्कॉटलंडमधल्या पेझली गावात मे डोनह्यू नावाची एक साधी नोकरदार बाई मैत्रिणीबरोबर एका कॅफेत गेली. मैत्रिणीने तिच्यासाठी जिंजर बिअर मागवली. बाटली गडद काचेची, आतलं काही दिसायचं नाही. थोडं पिऊन झालं, उरलेलं ओतलं, तेव्हा त्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, असं मे बाईंचं म्हणणं. त्या आजारी पडल्या आणि त्यांनी बाटली भरणाऱ्या स्टीव्हन्सनवर दावा लावला.

आता बघा, अडचण काय होती. पैसे मैत्रिणीने दिले होते, म्हणजे मे बाईंचा कॅफेवाल्याशी करार नव्हता. कॅफेवाल्याने तरी बाटली फोडून थोडीच बघायची? आणि स्टीव्हन्सनने तर मे बाईंना कधी पाहिलंही नव्हतं. करार नाही, तर देणं कसलं? तेव्हाची वहिवाट बहुतेक याच बाजूने होती.

२६ मे १९३२ रोजी हाऊस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला. लॉर्ड ॲटकिन यांच्या निकालपत्रात त्या शास्त्र्याचा प्रश्न सरळ येतो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : माझ्या कृतीने किंवा निष्काळजीपणाने ज्याला इजा होईल हे मला आधी ओळखता यायला हवं, तो कायद्याने माझा शेजारी. बाटली सीलबंद करून बाजारात पाठवणाऱ्याने ती शेवटी कोणाच्या तरी तोंडाला लागणार हे ध्यानात ठेवलंच पाहिजे. बाटलीत गोगलगाय खरंच होती का, हे मात्र कोर्टात कधी सिद्ध झालं नाही. पुढे तडजोड झाली. पण तत्त्व राहिलं. आपल्याकडच्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे, आणि विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारासुद्धा तिथे ग्राहक ठरतो. "बिल तुमच्या नावावर नाही" एवढ्याने आता सुटका नाही.

पवित्र शास्त्राच्या वाचकाला यात फार नवल वाटू नये. निर्गमाच्या २१ व्या अध्यायात मारका बैल आहे. बैल मारका आहे हे धन्याला माहीत होतं, लोकांनी बजावलं होतं, तरी बांधला नाही, तर धन्यावर दोष येतो. माहीत नव्हतं तर गोष्ट वेगळी. तिथेच उघडा खड्डा आहे. खणणाऱ्याने तो झाकला नाही आणि कोणाचा बैल किंवा गाढव आत पडलं, तर खणणाऱ्याने भरपाई करायची. अनुवादात नव्या घराच्या धाब्याला कठडा बांधायची आज्ञा आहे. पडणारा कोण असेल हे खड्डा खणताना किंवा घर बांधताना कोणाला ठाऊक असतं? कोणीतरी पडू शकतं, एवढं ठाऊक असतं, आणि तेवढं पुरेसं आहे. रस्ता खोदून तसाच ठेवणाऱ्या कंत्राटदाराला आणि उघडी वायर लटकत ठेवणाऱ्या मंडपवाल्याला हे वचन आजही तितकंच लागू आहे.

पण लॉर्ड ॲटकिन यांनी आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली. प्रीतीची आज्ञा कायद्यात येते तेव्हा ती आकसते. शेजाऱ्यावर प्रीती कर, याचं कायद्यात फक्त शेजाऱ्याला इजा करू नकोस एवढंच उरतं. आता हे माप दाखल्याला लावून बघा. याजक आणि लेवी, दोघांनीही त्या जखमी माणसाला हात लावला नव्हता. लुटलं दुसऱ्यांनीच. ॲटकिनसाहेबांच्या कसोटीने बहुधा दोघेही निर्दोष सुटले असते. त्या कायद्याने ते दोषी नाहीत आणि प्रभूच्या दाखल्यात मात्र तेच चुकलेले आहेत. धंद्यातल्या नीतीचा खरा प्रश्न या दोन निकालांच्या मधल्या जागेत आहे.

उदाहरण घ्या. एक ताई घरून डबे देतात, रोज चाळीस. दुपारी त्यांच्या लक्षात येतं की सकाळच्या भाजीतलं पनीर आंबूस होतं. अजून कोणाचीच तक्रार नाही. तक्रार आली, कोणी आजारी पडलं, आणि ते त्याच भाजीने झालं हे दाखवता आलं, तर पुढे दाव्याचा प्रश्न. बहुतेक वेळा काहीच होणार नाही. गप्प बसणं सोपं आहे आणि स्वस्तही. चाळीस फोन करायचे म्हणजे नाव खराब, पैसे परत, आणि चार गिऱ्हाइकं कायमची गेली. वकील काय सांगेल माहीत नाही, पण बैल मारका आहे हे आता धन्याला कळलं आहे. कळल्यानंतरचा प्रत्येक तास तिच्या पदरात आहे.

कोणी म्हणेल, "असं करत बसलो तर धंदा कसा चालायचा? सगळ्या जगाचं ओझं आम्हीच वाहायचं का?" हा प्रश्न खोटा नाही. प्रपंच चालवणाऱ्या माणसाला मर्यादा लागतेच. कायदाही ती देतो. कंपनीच्या भागधारकाचं नुकसान त्याच्या भागभांडवलापुरतं राहतं, घरदार जात नाही. त्यात पाप नाही. ती मर्यादा नसती तर किती जणांनी नवा उद्योग काढायची हिंमत केली असती?

पण शोमरोनी काय करतो ते नीट वाचा. तो सगळं विकून टाकत नाही. त्याने जखमा बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवून नेलं, एक रात्र काढली, आणि उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दिनार दिले. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. मग तो आपल्या वाटेला लागला. त्याचंही काम होतं. पण जाताना त्याने खातं बंद केलं नाही. याहून जास्त खर्च आला तर परत येताना फेडीन, असं सांगून गेला. त्याने पैशाला हद्द घातली, पण जबाबदारीला घातली नाही. कुठल्याही कोर्टाने त्याच्याकडून हे मागितलं नसतं. देणं त्याचं नव्हतंच, त्याने ते आपलं करून घेतलं.

म्हणून कायद्याला कमी लेखू नका. अनेक दुकानांत तर कायद्याची पहिली पायरीसुद्धा गाठलेली नसते. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी खराब निघालेल्या मालालाही लावली जाते, आणि सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. आधी तेवढं तरी सरळ करू या. पण तिथे पोचलो म्हणजे आपण नीतिमान झालो, असं मनाला सांगू नये. प्रभूने शेवटी त्या शास्त्र्याचा प्रश्नच फिरवला. माझा शेजारी कोण, याऐवजी त्या पडलेल्या माणसाचा शेजारी कोण झाला, असं विचारलं.

आज दुकान, कचेरी किंवा स्वयंपाकघर बंद करताना एकच विचार करा : मला कळलेलं आहे, पण ज्याला कळायला हवं त्याला मी अजून सांगितलेलं नाही, असं काही आहे का?

प्रार्थना : प्रभू येशू, आमच्या हातून जे बाहेर जातं ते कोणाच्या घरी पोचतं हे आम्हांला दिसत नाही, तुला दिसतं. आमचा तराजू, आमचं बिल आणि आमची जीभ खरी ठेव. जिथे कायदा थांबतो तिथे आम्हांला थांबू देऊ नकोस. आमेन.