नक्कल आणि नांव

खंडाळ्याच्या कड्यासमोर हांक मारिली असतां ती परत येते, आणि त्या प्रतिध्वनीचा धनी कोण, असें कोणी विचारीत नाहीं. परंतु विजेच्या गिटारीचा स्वर पालटणारी, पायानें दाबावयाची ‘पेडल’ नामक डबी विकत घेण्याची वेळ आली, म्हणजे हाच प्रश्न गृहस्थाच्या दारीं येऊन उभा राहतो. मूळ डबी महाग. तिची नक्कल अल्प मोलाची. मुलाच्या हौसेसाठीं बापानें नक्कल घेतली, तर ती चोरी होते काय?

अमेरिकेंतील बिल फिनेगन यांनीं कित्येक वर्षें खपून १९९४ सालीं ‘क्लॉन सेंटॉर’ ही डबी विक्रीस आणिली, व आंतील रचना कोणास दिसूं नये म्हणून तीवर राळ ओतिली. सुमारें ८,००० नग झाले. पुढें गुपित फुटलें आणि नकलांचा सुकाळ झाला. आज जुना नग हजारों डॉलरांस जातो. पण तें द्रव्य कर्त्यास नव्हे, विकणाऱ्यास मिळतें. तेव्हां ‘मूळच घेऊन कर्त्याचा मान राखा’ हा उपदेश येथें लंगडा पडतो. २०२४ सालीं बेरिंगर कंपनीनें त्याच नांवाची, तशाच रूपाची स्वस्त डबी काढिली, तेव्हां मात्र फिनेगन न्यायालयांत गेले. वाद रचनेचा नव्हता, नांवारूपाचा होता.

आमच्या मिरजेंतहि हाच न्याय दिसतो. तेथें तंबोऱ्याचा घाट शिकलगारांच्या घराण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. दुसऱ्याचें पाहून भोपळा कोरणारास कोणी चोर म्हटलें नाहीं. २०२४ सालींच मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांस भौगोलिक मानांकन मिळालें. त्यानें राखिलें तें घाट नव्हे, ‘मिरज’ हें नांव.

कारण उघड आहे. विद्या दुसऱ्यानें घेतल्यानें आपली उणी होत नाहीं. नांव मात्र मनुष्याची साक्ष आहे, आणि ती दुसऱ्यानें दिली कीं खोटी ठरते. मग कर्त्याच्या श्रमांचें ऋण बुडालें काय? आमचा गवई गुरूचें नांव घेतांना कानाची पाळी धरितो; चीज त्याची, कंठ स्वतःचा, आणि ऋण उघड मान्य केलेलें.

म्हणून दोन स्वस्त डब्यांपैकीं जी स्वतःच्या नांवानें उभी राहते व कोणापासून शिकली तें लपवीत नाहीं, ती घ्यावी, असें आम्हांस वाटतें. चार पैसे वांचविण्यांत लाज नाहीं. दुसऱ्याच्या नांवावर मिरविण्यांत आहे.