मालकी परदेशी, घर सिंदीत

मध्य रेल्वेच्या मुंबई–नागपूर मार्गावर, वर्धा आणि नागपूर यांच्या दरम्यान असलेले सिंदी (रेल्वे) हे वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील नगर परिषदेचे गाव आहे. १८६७ साली लोहमार्ग नागपूरपर्यंत पोचला आणि ज्या रुळांवरून या मुलखातील कापूस मुंबईच्या बंदराकडे गेला, त्याच रुळांवरून पुढच्या पिढ्यांतील शिकलेली मुले आधी नागपूर-पुण्याला आणि तेथून काही परदेशी गेली. युरोपातील सधन कुटुंबे दुसऱ्या देशातल्या खेड्यात सुट्टीसाठी मुद्दाम घर विकत घेतात. विदर्भातील अशा गावांत मात्र घर जागेवरच राहिले आणि मालक परदेशी झाल्यामुळे त्याचे आपोआप सुट्टीचे घर झाले. दिवाळीला किंवा पोळ्याला आठ-पंधरा दिवस उघडायचे आणि उरलेले वर्षभर कुलूप लावून ठेवायचे, हा अशा घरांचा क्रम ठरून गेला आहे. या व्यवस्थेत कायदा मालकी टिकवतो आणि पाठवलेला पैसा डागडुजी करतो, परंतु घर टिकते ते त्यात नांदणाऱ्या माणसामुळे, आणि ही तिसरी गोष्ट दुरून पुरवता येत नाही. म्हणून घर राखायचे असेल तर मालकाने त्याचा वापर गावातल्या माणसाकडे कागदोपत्री सोपवला पाहिजे, आणि ते शक्य नसेल तर घर उभे असतानाच विकले पाहिजे.

या विधानाचा आधार भावनेत नसून बांधकामात आहे. या भागातील जुनी घरे मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब-तुळया आणि वर कवेलू, म्हणजे भाजलेल्या मातीची कौले, अशा रचनेची असतात. गावाखालची काळी जमीन पाऊस पडला की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यामुळे उथळ पायाची भिंत दरवर्षी थोडीथोडी हलत राहते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेव्हा लाकूड वाळून सांधे ढिले होतात, आणि जून उजाडला की त्याच सांध्यांवर पाणी येते. या चक्राला तोंड देण्यासाठी मृगापूर्वी कवेलू फेरणे, म्हणजे सगळी कवेलू उतरवून, झाडून, फुटलेली बदलून पुन्हा रचणे, भिंतींच्या भेगा लिंपणे आणि जमीन सारवणे ही कामे वर्षाच्या वेळापत्रकात बसवलेली होती. मातीचे घर कच्चे असते असे म्हणतात ते अर्धेच खरे आहे. त्याची दुरुस्ती थोडी, स्वस्त पण न चुकता करावी लागते, एवढाच त्याचा अर्थ.

कुलूप लागले की नेमके हे ‘न चुकता’ संपते. छपरावरून वानरांची टोळी गेली तर पाच-दहा कवेलू सरकतात. घरात माणूस असेल तर पहिल्याच सरीला खाली पडलेला ओला डाग दिसतो, घमेले ठेवले जाते आणि पाऊस उघडताच कोणीतरी शिडी लावून कवेलू सारखे करतो. बंद घरात तेच पाणी विदर्भातील श्रावणझडीचे चार-पाच दिवस भिंतीच्या माथ्यावर मुरत राहते, ओल्या मातीतून उधई, म्हणजे वाळवी, वर चढते, तुळईचे भिंतीत रोवलेले टोक आतून पोखरते आणि बाहेरून तुळई शाबूत दिसत असतानाच एखाद्या वर्षी छपराचा तो भाग खाली बसतो. चुलीचा धूर लाकडाला कीड लागू देत नाही, हे गावकऱ्यांना ठाऊक असते. रोजचा झाडू उधईची मातीची नळी वेळीच मोडतो. मोरीतून वाहणारे पाणी तुंबल्याचे त्याच दिवशी कळते. या गोष्टींना कोणी देखभाल म्हणत नाही, कारण त्या राहण्याचाच भाग असतात. परदेशातून दरवर्षी हजारो रुपये आले तरी हे घडत नाही, कारण पैसा नुकसान दिसल्यावर खर्च होतो, तर राहणारा माणूस ते दिसण्याआधी थांबवतो.

मातीचे घर मुळातच टिकणारे नाही, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी उत्तर याच जिल्ह्यात आहे. महात्मा गांधी १९३६ साली शेगाव या खेड्यात राहावयास आले, पुढे १९४० मध्ये त्या गावाला सेवाग्राम हे नाव मिळाले, आणि तेथील आदि निवास व मूळची त्यांच्या शिष्या मीराबहेन यांची असलेली बापू कुटी या वास्तू माती, बांबू, लाकूड व कवेलू यांच्याच आहेत. तीच काळी माती, तोच उन्हाळा आणि तोच पाऊस सोसून त्या आजही उभ्या आहेत, कारण दर पावसाळ्याआधी आणि नंतर त्यांच्याकडे पाहणारी माणसे आणि त्यांना जबाबदार धरणारी संस्था तेथे कायम आहे. दोन्ही ठिकाणी साहित्य एकच असताना एक घर टिकते आणि दुसरे ढासळते, तेव्हा कारण साहित्यात शोधणे व्यर्थ आहे.

कायद्याची बाजू पाहिली तर दूरस्थ मालक बराच सुरक्षित आहे. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९, म्हणजे फेमा, याच्या कलम ६(५) नुसार भारतात राहणाऱ्या व्यक्तीकडून वारशाने मिळालेली स्थावर मालमत्ता परदेशस्थ वारसाला स्वतःकडे ठेवता येते. अनिवासी भारतीयाला राहते घर विकत घेता येते, शेतजमीन किंवा फार्महाऊस मात्र सर्वसाधारण परवानगीने विकत घेता येत नाही. तरीही वारशाने आलेली शेती त्याच्याकडे राहू शकते आणि विकायची झाल्यास भारतातील रहिवाशालाच विकावी लागते. विक्रीची रक्कम कर भरून आणि ठरलेली कागदपत्रे देऊन एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत परदेशी नेता येते. थोडक्यात, कागदावरचे नाव टिकवण्याची सोय कायद्याने चोख केली आहे; त्या नावाखालची भिंत उभी ठेवण्याचे बंधन मात्र व्यवहारात कोणावरच येत नाही.

ही पोकळी वारसांच्या संख्येमुळे आणखी रुंदावते. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत जन्मतः मुलांइतकाच हक्क दिला, ही न्याय्य आणि उशिरा झालेली सुधारणा आहे, आणि आजच्या अनिर्णयाचा दोष तिच्या माथी मारणे चुकीचे ठरेल. दोष आहे तो वाटणी न करता नावे वाढवत नेण्याच्या सवयीचा. वडिलांच्या पश्चात मिळकतीच्या उताऱ्यावर पाच नावे चढतात, त्यांपैकी दोघे अमेरिकेत, एक पुण्यात, एक नागपुरात आणि एक गावात असतो; छप्पर बदलायचे की पाडायचे या प्रश्नावर एकमत होईपर्यंत दोन पावसाळे निघून जातात. याच कायद्याच्या कलम २२ नुसार एखाद्या वारसाला आपला हिस्सा विकायचा असेल तर तो घेण्याचा अग्रक्रम इतर वारसांना असतो, म्हणजे घर एका हाती आणण्याची वाट कायद्यात आहे. परंतु हिश्शाची किंमत काढणे हे भावंडांत तेढ आणणारे मानले जात असल्याने ती वाट क्वचितच धरली जाते, आणि सगळ्यांचे असलेले घर कोणाचेच राहत नाही.

मग उरतो तो राखणदार. तो बहुधा चुलतभाऊ असतो, जुना सालदार असतो किंवा शेजारच्या घरातील काकू असतात, आणि त्यांच्याकडे किल्ली असते, अधिकार नसतो. कवेलू फेरायला गडी लावायचा तर फोन करून विचारावे लागते, खर्च आधी खिशातून करावा लागतो, आणि दिवाळीला आलेली मंडळी भेटवस्तू देऊन झालेल्या कामापेक्षा राहिलेल्या कामाची चौकशी अधिक करतात. या नात्याला आपुलकीचे नाव देऊन त्याचा मोबदला ठरवण्याचे टाळले जाते, पण ज्या श्रमाचा मोबदला ठरत नाही त्याची जबाबदारीही ठरत नाही. राखणदाराने दुर्लक्ष केल्याची तक्रार करणाऱ्या मालकाने त्याच्याशी काय ठरवले होते ते आधी तपासावे.

घर कोणाला राहायला दिले की तो ते बळकावेल, ही यावरची सर्वांत प्रबळ हरकत आहे आणि ती निराधार नाही. मुदत कायदा, १९६३ नुसार मालकाच्या हक्काला आव्हान देत, उघडपणे आणि अखंड १२ वर्षे ताबा ठेवणाऱ्याविरुद्ध मालकाचा ताबा मागण्याचा दावा मुदतबाह्य होतो. यालाच प्रतिकूल ताबा म्हणतात. परंतु मालकाच्या संमतीने राहणाऱ्याचा ताबा प्रतिकूल ठरत नाही. गोव्यातील एका घराच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली हे अधिक स्पष्ट केले की राखणदाराने किंवा नोकराने कितीही वर्षे घर सांभाळले तरी तेवढ्यावरून त्याला त्यात हक्क मिळत नाही. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे मालकी किंवा भाडेकरूपणाचा हक्क न देता ठरावीक मुदतीसाठी वापराची परवानगी देणारा करार, १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने लेखी आणि नोंदणीकृत करणे बंधनकारक केले आहे. परदेशस्थ मालकाला भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र पाठवून गावातील विश्वासू व्यक्तीमार्फत हा करार करता येतो. ते पत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. तेव्हा धोका घर देण्यात नाही, तो तोंडी देण्यात आहे; आणि तोंडी देणे हेच सध्या सर्वत्र चालते.

दुसरी हरकत भावनेची आहे. सिंदीचा तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलांनी लाकडी बैल सजवून मिरवण्याचा सण, मोठमोठ्या लाकडी नंदींसाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. परदेशात जन्मलेल्या नातवंडांनी एकदा तरी आपल्या ओट्यावरून नंदी बाहेर काढावा, ही आजी-आजोबांची इच्छा क्षुल्लक नव्हे. परंतु त्यासाठी अख्खे घर वर्षभर रिकामे ठेवण्याची गरज नाही. दर्शनी सोपा आणि एक खोली मालकाकडे ठेवून बाकीचे घर एखाद्या शिक्षकाच्या कुटुंबाला किंवा अभ्यासिकेला वापरू दिले, तर सणाला येणाऱ्यांना झाडलेले अंगण आणि चालू नळ मिळतो. जुने पाडून स्लॅबचे घर बांधणे हा पर्याय अनेकांना निश्चिंत वाटतो. मात्र काळ्या जमिनीत पाया नीट घेतला नाही तर त्यालाही तडे जातात आणि गच्चीचे पन्हाळ पिंपळाच्या पानांनी तुंबले तर तेथेही पाणी साचते.

हा प्रश्न केवळ कुटुंबाचा नाही, कारण गावाच्या मध्यभागी घरे बंद पडतात तेव्हा नव्याने घर हवे असणाऱ्यांना शेतात पडलेल्या ले-आऊटकडे जावे लागते आणि नगर परिषदेला तेथवर नळ, रस्ते व गटारे न्यावी लागतात. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २.४७ कोटी घरे रिकामी नोंदली गेली. जपानमध्ये २०२३ च्या पाहणीत रिकाम्या घरांची संख्या ९० लाखांवर गेली. तेथे धोकादायक रिकाम्या घरांची करसवलत काढून घेण्याची तरतूद आहे आणि एप्रिल २०२४ पासून वारसाहक्काची नोंद तीन वर्षांत करणे सक्तीचे झाले आहे. इटलीतील काही गावांनी ओस घरे एक युरोला विकली, मात्र ठरावीक मुदतीत दुरुस्ती करण्याच्या अटीवर. दोन्ही देशांत मालकीला कर्तव्याची मुदत जोडली गेली. सिंदीत मात्र ड्राय पोर्टच्या प्रकल्पामुळे, म्हणजे समुद्रापासून दूर कंटेनरची सीमाशुल्क तपासणी करून ते रेल्वेने बंदराकडे पाठवण्याच्या केंद्रामुळे, जागेला भाव येईल ही आशा वाढते आणि ती घर विकू देत नाही. पण भाव येतो तो जागेला. घर तोवर पडलेले असते.

वारसांनी म्हणूनच घराच्या भविष्याचा निर्णय पुढच्या पिढीवर ढकलू नये. या वर्षीच्या मृगाआधी सर्व हिस्सेदारांनी एकत्र बसून तीनपैकी एक ठरवावे : घर एका वारसाच्या नावे करावे, नोंदणीकृत कराराने गावातील कुटुंबाला राहायला द्यावे, किंवा तेथे राहणार असलेल्या माणसाला ते विकावे. यांपैकी काहीच न करणे हाही एक निर्णयच असतो, आणि त्याची अंमलबजावणी पाऊस करतो.