शौर्याची साक्ष

शूरांचा सन्मान करणे हे समाजाचे कर्तव्य होय, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. वाद उत्पन्न होतो तो पुढे. हा सन्मान सत्याच्या मर्यादेतच करावा, की राष्ट्राच्या मनाला उभारी यावी म्हणून त्यात थोडी दंतकथा मिसळली तरी चालेल? पोलंडच्या लष्करी इतिहासात या प्रश्नाचा चांगलाच कस लागतो.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. त्याच सायंकाळी क्रोयांती गावाजवळ सुमारे अडीचशे पोलिश घोडेस्वारांनी रानाच्या कडेला विसावलेल्या जर्मन पायदळावर अचानक हल्ला चढविला. पायदळ उधळले गेले. परंतु तोच जर्मन चिलखती गाड्या पुढे आल्या आणि त्यांच्या मशीनगनच्या माऱ्यात कर्नल मास्तालेश अनेक स्वारांसह धारातीर्थी पडले. त्यांच्या बलिदानाने शत्रूची आगेकूच काही काळ तरी खोळंबली. मागाहून बातमीदारांना ते रण दाखविण्यात आले. मेलेले घोडे आणि जवळच उभे असलेले रणगाडे त्यांनी पाहिले, आणि पोलिश स्वार भाले घेऊन रणगाड्यांवर धावून गेले, अशी कथा जगभर पसरली.

ही कथा जर्मन प्रचाराच्या सोयीची होती. कारण तीत प्रतिपक्ष शूर पण अडाणी ठरत होता. वस्तुतः पोलिश घोडदळाजवळ रणगाडाविरोधी तोफा होत्या, आणि बहुधा ते पायउतार होऊनच लढत असे. त्याच दिवशी मोक्रा येथे एका घोडदळ ब्रिगेडने जर्मनीच्या चौथ्या चिलखती डिव्हिजनला दिवसभर थोपवून धरले. तथापि दंतकथेची मोहिनी अशी की, पोलंडनेही ती आपलीशी केली. आंद्झेय वायदा यांच्या १९५९ सालच्या ‘लोत्ना’ या चित्रपटात रणगाड्यावर तलवार चालविणारा स्वार दिसतो.

दंतकथेच्या बाजूनेही बोलता येते. १७९५ पासून १९१८ पर्यंत, म्हणजे १२३ वर्षे, स्वतंत्र पोलंड नकाशावर नव्हता. ज्या राष्ट्राजवळ स्वतःचे राज्य नाही, त्याला आठवणींच्या आधारावरच तग धरावा लागतो. हे आम्हांस मान्य आहे. परंतु पृथ्वीपासून चार अंगुळे वर चालणारा धर्मराजाचा रथ एका अर्धसत्याने भुईला टेकला, हे आपण विसरू नये. येथे तर असत्याने शूराचाच अपमान होतो. त्याच्या धैर्यामागचा विवेक ते हिरावून घेते, आणि विचारपूर्वक प्राण पणास लावणाऱ्या योद्ध्याचा आततायी वेडा बनविते.

कोणी म्हणेल, दंतकथा नको तर पदकावर विसंबावे. ते तर राज्यसत्तेने दिलेले प्रमाणपत्र आहे. पण हा पुरावाही उलटतपासणीत टिकत नाही. ‘विर्तुती मिलितारी’ हे पोलंडचे सर्वोच्च रणपदक राजा स्तानिस्लाव ऑगस्ट याने १७९२ साली स्थापिले आणि त्याच वर्षी, शत्रुपक्षास मिळाल्यावर, स्वतःच रद्द केले. १८३०-३१ चे बंड मोडणाऱ्या रशियन सैनिकांच्या छातीवर झारने हेच पदक लावले. १९७४ साली ते सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांना अर्पण झाले आणि १९९० साली परत घेण्यात आले. पदकावर नाव वीराचे असते. पण हेतू मात्र पुष्कळदा देणाऱ्याचा असतो.

याच्या उलट विटोल्ड पिलेत्स्की यांचे उदाहरण पाहावे. १९४० साली ते जाणूनबुजून जर्मनांच्या हाती सापडले. हेतू हा की, आउश्वित्झच्या छावणीत शिरून आतील वृत्तांत बाहेर पाठवावा. सुमारे अडीच वर्षांनी ते तेथून निसटले. पुढे १९४८ साली कम्युनिस्ट राजवटीच्या न्यायालयाने त्यांनाच देहान्त शासन दिले. ही शिक्षा १९९० साली रद्दबातल ठरली आणि २००६ साली त्यांना मरणोत्तर ‘श्वेत गरुड’ हा सर्वोच्च सन्मान मिळाला. या अवधीत त्यांच्या शौर्यात तिळमात्र अधिकउणे झाले नव्हते. बदलली ती केवळ सत्ता. कायद्याचा व्यवसाय करणाऱ्या आम्हांस हे उदाहरण विशेष बोचते, कारण येथे असत्यावर उमटलेला शिक्का न्यायासनाचा होता.

आणि ज्यांची कथाही झाली नाही, त्यांचे काय? कोल्हापूरनजीक वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत स्त्रिया आणि मुलेच अधिक. सोव्हिएत सत्तेने घरांतून उचलून सायबेरिया-कझाकस्तानकडे धाडलेली ही माणसे इराणमार्गे येथवर पोहोचली होती. हिमात आणि उपासमारीत लेकरे जगविणाऱ्या मातांचे धैर्य घोडेस्वाराहून कमी प्रतीचे होते, असे म्हणण्यास आमची जीभ धजत नाही.

म्हणून पदके देऊ नयेत किंवा पोवाडे गाऊ नयेत, असे आमचे म्हणणे नाही. समाजाला ही दोन्ही साधने हवीत. मात्र वीराचे ऋण मानणाऱ्याने प्रथम त्याची खरी हकीकत जाणून घेण्याचे कष्ट घ्यावेत. मृत स्वार आपली बाजू मांडण्यास येऊ शकत नाही. त्याच्या वतीने साक्ष द्यावयाची ती आपणच, आणि साक्षीदाराचा पहिला धर्म सत्यकथन हाच होय.